आगीपासून दूर

“पेशंटचा सोफा तिकडं कोपऱ्यात टाका, आगीपासून दूर,” पंकज फाटकाशी उभा राहून मोबाइलवर लग्नाच्या हॉलवाल्याला सांगत होता, आणि सुधाकररावांचा उचललेला पाय अंगणातच अडकला. पेशंट! घरात पेशंट कोण, हे कळायलाच त्यांना एक क्षण लागला. कारण त्या सकाळी, दोन वर्षांत पहिल्यांदा, ते पेशंट नव्हते. खांद्याला ऑक्सिजनच्या यंत्राची पिशवी होती, कॉलेजातल्या पोरी मिरवतात तेवढीच. तिच्यातून निघालेली नळी कानांमागून फिरून नाकाशी आली होती. नाकानं श्वास ओढला की यंत्र ‘फुस्’ करायचं. आणि ते स्वतःच्या पायांनी, कोणाचा दंड न धरता, पलंगापासून ओसरीपर्यंत आणि ओसरीपासून तुळशीपर्यंत आले होते. वाटेत त्यांनी सीताफळाच्या झाडाला हात लावून पाहिला होता. केवढं वाढलं होतं बेटं, कोणाला न विचारता! आता फाटक उघडायचं, रस्त्यावर उभं राहायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘काय म्हन्ता’ विचारायचं, एवढाच साधा बेत होता. आणि नेमका तेव्हाच पोराच्या तोंडून तो शब्द आला. चिडून बोलला असता, तोडून बोलला असता, तर एवढं लागलं नसतं. पंकज बोलला कसा, तर खुर्च्या सांगितल्या, कूलर सांगितले, पाण्याचे कॅन सांगितले, आणि त्याच ओघात पेशंटचा एक सोफा सांगितला. सुधाकरराव फाटक न उघडताच मागं फिरले. सीताफळाकडे त्यांनी पाहिलं नाही.

दोन वर्षं ते खोलीतल्या मोठ्या यंत्राला बांधलेले होते. बांधलेलेच म्हणायचं, दुसरा शब्द कशाला हुडकायचा? ते यंत्र कपाटाशेजारी रात्रंदिवस घरघर करायचं आणि त्याची लांब नळी पुरेल तेवढंच सुधाकररावांचं जग. संडासापर्यंत पुरायची, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत ताणली तर पुरायची. ओसरीपर्यंत मात्र नाही. ओसरीत माणसं यायची, बसायची, चहा प्यायची, आणि आतल्या खोलीकडे मान वळवून आवाज खाली आणून विचारायची, “कसे हायेत आता?” जसं काही आत माणूस नाही, ताप आहे. त्या यंत्रानं घरातली आग हळूहळू बाहेर काढली. आधी उदबत्ती गेली, मग देवाची समई मागच्या पडवीत गेली. भाऊबीजेला उटनूरहून बहीण आली, बयनाबाई, तिनं तर न पेटवलेल्या निरांजनानं ओवाळलं. वात कोरडी, तूप थिजलेलं, आणि बयना आपली ताट फिरवते आहे तोंडासमोर! तेव्हा सगळे हसले होते, तेसुद्धा हसले होते, आणि हसता हसता खोकून खोकून निळे पडले होते. खांद्यावर घेऊन फिरायचं छोटं यंत्र मिळतं, हे त्यांना पहिल्या वर्षीच कळलं होतं. पंकजला सांगितलंही होतं. पंकज म्हणाला होता, “पाहू.” दिवाळीत म्हणाला, “पाहू.” उन्हाळ्यात म्हणाला, “आता काऊन पायजे तुमाले, बाबा, बाहेर ऊन किती हाये!” आणि मुलीचं, मयूरीचं लग्न ठरलं, तारीख निघाली, तशी हैदराबादहून गाडी आली आणि यंत्र घेऊन माणूस दारात उभा राहिला. आपल्यासाठी आलं की लग्नासाठी, हा प्रश्न तेव्हा सुधाकररावांच्या मनात आला नाही. हावरटाला ताट दिसलं की यजमान दिसत नाही, तसं झालं त्यांचं.

तो हैदराबादचा माणूस तेलुगूत भराभरा बोलत होता आणि पंकज निम्मं-अर्धं मराठीत सांगत होता. इथून चालू, इथून बंद, बटण दाबून धरायचं. नाकानं ओढाल तरच हवा येणार, तोंडानं घ्याल तर यंत्राला कळतच नाही की माणूस श्वास घेतो आहे, मग ते ओरडतं. पिशवीवर एक खूण होती, ज्वाळेवर आडवी फुली. “अग्गि दग्गर वद्दु, सार,” तो माणूस बोट हलवत म्हणाला, आगीजवळ नको. सुधाकररावांच्या बायकोनं, रुख्मिणीबाईंनी, यंत्रासमोर उभं राहून डोळे मिटले, पिशवीला कुंकवाचं बोट लावलं, आणि सवयीनं काडीपेटीकडे गेलेला हात तसाच मागं घेतला. सुधाकररावांना तिचं तेव्हा हसू आलं होतं. बिचारीला वाटत होतं, घरात ट्रॅक्टर आला.

पोह्यांची प्लेट पुढ्यात आली तेव्हा त्यांनी विषय काढला. आढेवेढे घेण्याइतकी हवा त्यांच्यापाशी नव्हतीच. “सोफा कशाले?” त्यांनी विचारलं.

“तुमाले बसाले, बाबा. आरामशीर. चार्जिंगचा प्लग बी तथीच हाये.”

“मी पाटावर बसन. कन्यादानाले.”

पंकजनं आईकडे पाहिलं. रुख्मिणीबाईंनी पोह्यांवर उगाच आणखी शेव टाकली. म्हणजे बोलणं आधीच होऊन गेलेलं होतं, आणि ते ओसरीत झालेलं होतं, नळी पोचत नाही तिथं. “अवो, तथी होम असते,” त्या शेवेकडे बघत म्हणाल्या. “आग असते, धूर असते. तुमाले सहन होईन का? अन् यंत्रावरच लिवून हाये.”

“मारोतकाका अन् चंदाकाकू बसून राह्यले,” पंकज म्हणाला. “मी बोललो त्याइच्याशी. काका तर लगेच हो म्हनले.”

लगेच म्हणणारच! मारोतराव म्हणजे चुलतभाऊ, बाजारहत्नूरला शेती करणारा, छाती अशी की शर्टाची बटणं कुरकुरावीत. माणूस वाईट नाही. हीच तर पंचाईत होती. वाईट असता तर सुधाकररावांना निदान त्याचा राग धरून बसता आलं असतं. “माह्याशी कोन बोललं?” ते म्हणाले. “पोरगी माही हाये. माह्याशी कोनी बोललं का? मी मेलो का काय?” आणि इथं यंत्रानं दगा दिला. राग काही नाकानं करता येत नाही. तोंड उघडावं लागतं, आवाज चढवावा लागतो, वाक्य संपवायला तोंडानंच हवा गिळावी लागते. यंत्राला वाटलं माणूस गेला. ते टीं टीं टीं ओरडायला लागलं. झालं! पोहे बाजूला, रुख्मिणीबाई पाठ चोळताहेत, पंकज बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावून आकडा वाचतो आहे, “नाकानं घ्या, बाबा, नाकानं, शांत व्हा आधी.” ते शांत झाले. यंत्र शांत झालं. आणि तोवर विषय संपला होता. पंकज मोठ्या समजूतदारपणे म्हणाला, “पाहा बरं, घरात बसून हे हाल हायेत. तथी आगीसमोर काय होईन?” सुधाकररावांनी मान हलवली. पंकजनं ती मान होकाराची धरली.

नागपूरच्या डॉक्टरनं छातीचा फोटो उजेडात धरून पहिला प्रश्न काय विचारला होता? “बीडी कितने साल से पीते हो?” सुधाकररावांनी आयुष्यात बिडी ओढली नव्हती. तसं सांगितलं तर डॉक्टर हसला, सगळेच असं सांगतात म्हणाला. रुख्मिणीबाईंनी देवाची शपथ घेतली, तरी कागदावर त्यानं काय लिहायचं ते लिहिलं. जिनिंगमध्ये उभी हयात सुपरवायझरी केली, ती कोणाला सांगायची? हंगामात कापसाच्या गाड्या दारापासून पार रस्त्यापर्यंत लागायच्या, आत सरकी काढणाऱ्या रेच्यांची धडधड, आणि हवेत रुईचे बारीक बारीक तंतू सारखे उडत राहायचे, उन्हाच्या पट्ट्यात छान दिसायचे. छान दिसायचे म्हणून त्यांनी पाहिले. नाकाला रुमाल बांधला तर मजूर हसायचे. मयूरी लहान होती तेव्हा डबा घेऊन यायची, जिनिंगच्या दाराशी बाकावर उभी राहायची आणि त्यांच्या भुवयांतली रुई चिमटीनं वेचायची. “बाबा, तुमी म्हातारे झाले,” म्हणायची, आणि सगळी वेचून झाली की, “आता नाई.” दुपारची ती दोन बोटं, घामट, त्यांना शेंगदाण्याच्या चटणीचा वास. बाकी सगळे फुप्फुसं फुप्फुसं करतात. सुधाकररावांना वाटायचं, जेवढी भुवयांवर बसली तेवढी पोरीनं काढली, आत बसली ती काढायला तिचे हात पोचले नाहीत, बस्स एवढंच झालं आहे.

तीच मयूरी आता उटनूरला आश्रमशाळेत शिकवत होती, रोज बसनं जात-येत होती, आणि आल्याबरोबर आधी त्यांच्या नळीतलं पाणी झटकून द्यायची. लग्न ठरल्यावर एकदा त्यांच्या पायथ्याशी बसून म्हणाली होती, “बाबा, मी काय गाय हाव का, दान द्यायले?” त्यांनी विचारलं होतं, मग नको का? तिनं बराच वेळ पलंगाच्या चादरीचा धागा ओढला. “पन द्यायचंच असन, तर तुमीच द्या. दुसऱ्याच्या हातून मी नाई जात,” असं म्हणून ती उठून गेली होती. एवढं एकच वाक्य. सुधाकररावांनी ते वाक्य दोन महिने छातीशी धरून ठेवलं, तिथं आणखी काही मावत नव्हतं तरी. त्यांना पुण्यबिण्य नको होतं. पुण्य घेऊन जायचं कुठं? त्यांना एवढंच हवं होतं, की तिचा हात आपल्या हातानं द्यायचा. सगळ्या घराला, सगळ्या गोताला आणि मुख्य म्हणजे स्वतःला दिसावं की आत ताप नाही, बाप आहे.

म्हणून त्यांनी चोरून तयारी सुरू केली. पोह्यांच्या दुसऱ्या दिवसापासून ते आंघोळीला जास्त वेळ घ्यायला लागले. मोरीत लाकडी पाट होता. दार लावायचं, नळाची धार सोडायची म्हणजे बाहेर आवाज जात नाही, नळी काढून खुंटीला अडकवायची, यंत्र बंद करायचं आणि पाटावर मांडी घालून बसायचं. बोटाला चिमटा. मनातल्या मनात मंगलाष्टक म्हणायचं. पहिल्या दिवशी एक कडवं संपायच्या आत डोळ्यांपुढं काळे किडे फिरायला लागले, आणि खुंटीवरच्या नळीपर्यंत हात पोचेस्तोवर वाटलं, आता रुख्मिणीला मोरीचं दार फोडावं लागणार आणि आपण उघडे. या विचारानं ते इतके घाबरले की दोन दिवस सरळ आंघोळच करून आले. पण पुन्हा बसले. हळूहळू जमायला लागलं. ओठांचा चंबू करून हवा सोडायची, हलायचं नाही, विचार करायचा नाही, विशेष करून पंकजचा विचार करायचा नाही. आकडा नव्वदच्या खाली जायचा, पण सावकाश जायचा. लग्नाच्या आदल्या सकाळी ते एक अख्खं मंगलाष्टक आणि वर थोडंसं एवढा वेळ नळीशिवाय बसले. बेत साधा होता. वेळ आली की नळी काढून सोफ्यावर ठेवायची आणि जाऊन बसायचं. आगीजवळ यंत्र नको ना? मग यंत्र येतच नाही आगीजवळ. मी एकटा येतो. याला कोण काय म्हणणार?

आगीचं म्हणाल तर ती त्यांच्या डोळ्यांपुढं सारखी होती. त्यांना त्यांचं स्वतःचं लग्न आठवायचं ते धुरासकट. नार्नूरला रुख्मिणीच्या घरापुढं मांडव, ओली लाकडं, लग्न लावणारे महाराज फुंकणीनं फुंकून फुंकून लाल झालेले, आणि रुख्मिणीच्या डोळ्यांतून पाणी. ती माहेरासाठी रडते आहे की धुरानं, हे त्यांना आजवर कळलं नव्हतं. बाकीच्या लग्नांचं काय आठवणार? शेकडो लग्नं जेवली होती त्यांनी. जेवलीच. आपल्याकडे अक्षता पडल्या की मांडव पंगतीकडे पळतो, आणि सुधाकरराव पहिल्या पंगतीचे मानकरी. मागं स्टेजवर महाराज, नवरा-नवरी आणि चार म्हातारी माणसं राहतात, ती काय करतात ते त्यांनी कधी वळून पाहिलं नाही. वांग्याची भाजी संपायची भीती असायची.

फंक्शन हॉल मावल्याच्या रस्त्यावर होता, नवा कोरा, थंडगार. सोफा खरोखरच कोपऱ्यात होता. स्टेजवरच, पण पार कडेला, प्लगाशेजारी, मखमली लाल. त्यांना फेटा बांधला. फेट्याखाली नळी कानावर दाबली गेली आणि कान दुखायला लागला, तो दिवसभर दुखला. पाहुणे येऊन खांद्यावरच्या पिशवीकडे बघत नमस्कार करायचे. व्याही आले, निर्मलचे सद्गृहस्थ, त्यांना पंकज यंत्राची माहिती द्यायला लागला, बॅटरी किती चालते, विमानातसुद्धा चालतं. व्याही म्हणाले, “बराय की, खूप करता वडिलांचं.” पंकज नम्रपणे हसला. मग फोटोवाला आला. नवरीसोबत घरच्यांचा फोटो. त्यानं कॅमेऱ्यातून पाहिलं, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, “अंकल, दो मिनट वो पाइप निकालो ना. फेस पे आ रहा है.” सुधाकररावांनी पंकजकडे पाहिलं. आता हा त्या माणसाला चार शब्द सुनावेल, असं त्यांना मनापासून वाटलं. पंकज वाकला आणि हलक्या हातानं त्यांच्या कानांमागून नळी सोडवत म्हणाला, “दोनच मिन्टं, बाबा. काई होत नाई.” त्यांनी काढू दिली. मयूरी शेजारी होती, जड शालूत, हळदीचा वास येत होता; तिनं त्यांचा पंजा धरला आणि दाबला. फोटो निघाले. एक, मग आणखी एक, मग हसून एक. ओठांचा चंबू करून ते कॅमेऱ्याकडे बघत राहिले. फोटोसाठी काही होत नाही! ठीक आहे. त्यांना राग आला नाही, उलट आनंदच झाला. पंकजनंच आज वाट मोकळी करून दिली होती.

मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या, तांदळाचे दाणे त्यांच्या फेट्यावर, मांडीवर, यंत्राच्या पिशवीवर पडले. वाजंत्री थांबली आणि हॉल एका दमात जेवणाकडे रिकामा झाला. अगदी त्यांच्या पद्धतीनं! खुर्च्या वाकड्यातिकड्या उरल्या. स्टेजवर हेरंबमहाराजांनी माणसं बसवायला घेतली, मारोतराव सोवळं आवरत पाटाकडे निघाले, मागं चंदाबाई. होमाच्या विटा मांडून तयार, त्यात लाकडं रचलेली. आता. सुधाकररावांनी नळी काढली, सोफ्याच्या हातावर ठेवली, आणि उठले. दोन पावलं ते चाललेही. पण यंत्र बंद करायचं राहिलं होतं. बटण दाबून धरायचं असतं. मोरीत रोज आठवायचं, आणि आज नेमकं विसरलं. सोफ्यावरून ते ओरडायला लागलं, टीं टीं टीं, रिकाम्या हॉलमध्ये नुसतं घुमलं. जेवणाच्या दारातून माणसं परत डोकावली, हातात ताटं. व्हिडिओवाला कॅमेरा घेऊन वळला. पंकज धावला, रुख्मिणीबाई धावल्या, “काऊन काढली? काऊन काढली अवो?” सुधाकररावांनी हात वर केला, थांबा, मला बोलू द्या. पण बोलायला हवा खर्चायची नव्हती, ती पाटावर लागणार होती. म्हणून त्यांनी फक्त मयूरीकडे पाहिलं. ती सांगेल. तिनंच सांगितलं होतं ना?

मयूरी पाटावरून अर्धी उठली होती. तिची नजर त्यांच्यावर नव्हती. दारातल्या ताटांवर होती, सासूवर होती, कॅमेऱ्यावर होती. चेहरा पांढराफटक. “बाबा, बसा न,” ती दबक्या आवाजात म्हणाली. “बसा. सगळे पाहून राह्यले.”

ते बसले. त्यांना कोणी बसवलं नाही, ते आपण होऊन बसले. पंकजनं नळी कानांमागं घातली, दुखऱ्या कानावर पुन्हा फेटा चेपला. फुस्. आकडा वर आला असावा, कारण रुख्मिणीबाईंनी देवाला हात जोडले. मयूरीला काय बोल लावायचा? पोरगी घाबरली होती. त्यांनी स्वतःला दहा वेळा सांगितलं, घाबरली होती. तरी मनात ते दोन शब्द, बसा न, मोठ्या यंत्रासारखे घरघरत राहिले. आता धूर यायची वाट पाहत ते पुढं बघत बसले. धूर आला की निदान कळेल की खरंच जमलं नसतं. त्यांना तो धूर हवा होता. धूर आला असता तर सगळ्यांना माफ करून ते सुटले असते.

धूर आला नाही. विटा थंड होत्या, लाकडं रचलेली तशीच. नवऱ्यानं ओंजळ धरली, तिच्यावर मयूरीची ओंजळ, तिच्यावर मारोतरावांची जाडजूड. खाली काशाचं भांडं. चंदाबाईंनी झारीनं पाण्याची बारीक धार धरली. महाराज म्हणत होते ते मारोतराव अडखळत म्हणत होते. पाणी त्यांच्या बोटांतून मयूरीच्या ओंजळीत, तिथून जावयाच्या ओंजळीत, तिथून भांड्यात पडत होतं, एवढासा आवाज होत होता. आणि सुधाकररावांना एकाएकी नार्नूरचा मांडव आठवला, धुराच्या अलीकडचा. सासऱ्यांनी रुख्मिणीचा हात त्यांच्या हातात दिला तेव्हा सासऱ्यांचा पंजा ओला होता. गारढोण, ओलागच्च. त्यांना तेव्हा किळस वाटली होती, म्हातारा घामेजला आहे म्हणून. घाम नव्हता तो! इतकी वर्षं तो ओला हात त्यांच्यापाशी होता, आणि त्यांनी धूर तेवढा जपून ठेवला होता.

मारोतराव उठले, पंच्याला हात पुसत सोफ्याजवळ आले. “उरकलं बावा,” ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, आणि ते खरे भरले होते. “पोट्टीचे हात लय गार होते.” सुधाकररावांनी मान हलवली. हेरंबमहाराज कापूर आणि काडीपेटी घ्यायला कडेला आले. त्यांची पिशवी सोफ्याच्या पायाशीच होती.

“म्हाराज,” सुधाकरराव म्हणाले. मग नाकानं श्वास घेतला, नीट, यंत्राला कळेल असा. “कन्यादानाले आग नसते?”

“नसते न,” महाराज पिशवीत हात घालून म्हणाले. “कन्यादान पाण्यावर असते. होम नंतर. आता पेटवायचा.”

“समई?”

“समईचं काय, सरकवली असती बाजूले. तुमाले बसायचं होतं का?” महाराजांनी वर पाहिलं. तरुण माणूस, चेहऱ्यावर खरंच आश्चर्य. “मले कोनी विचारलंच नाई हो. मले वाटलं, तुमाले बसवत नाई म्हनून मारोतराव बसले. बसले असते तुमी. आरामात बसले असते, हे यंत्र लावून.”

रुख्मिणीबाई शेजारीच होत्या, त्यांनी ऐकलं. त्यांनी पदर तोंडाला लावला. पंकजनंही ऐकलं. तो मोबाइलकडे बघायला लागला, मोबाइल वाजला नव्हता तरी. कोणीच विचारलं नव्हतं. पंकजनं पिशवीवरची खूण वाचली, रुख्मिणीनं पंकजचं ऐकलं, आणि त्यांनी स्वतः? त्यांनी मोरीत दार लावून मरायची तालीम केली, पण महाराजांना एक फोन केला नाही. शिवी द्यावी तर कोणाला द्यावी! त्यांनी पुढं पाहिलं. काशाचं भांडं तिथंच होतं, विटांच्या कडेला, काठोकाठ. निदान उठून त्यात बोटं बुडवावीत, एवढंच त्यांच्या मनात आलं. त्यांनी सोफ्याच्या हातावर जोर दिला.

“सुधाकरराव, जरा मागं सरकून घ्या,” महाराज विटांपाशी जाऊन काडी ओढत म्हणाले. “आता पेटवतो.”

पंकजनं एका बाजूनं आणि मारोतरावांनी दुसऱ्या बाजूनं सोफा धरला आणि त्यांच्यासकट मागं ओढला, पार भिंतीपर्यंत. लाकडं लगेच पेटली. मयूरी ओल्या हातांनी आगीसमोर बसली. तिनं एकदा मान वळवून सोफा होता त्या जागेकडे पाहिलं, तो तिथं नव्हता. सुधाकरराव भिंतीशी बसून नाकानं श्वास घेत राहिले. आता मात्र तिथं खरंच आग होती.